मनुष्यजन्माचं ध्येय मोक्ष म्हणतात, मग रोज करायचं काय?

मोक्ष म्हणजे मेल्यावर मिळणारी जागा नव्हे. ‘मी म्हणजे हे शरीर’ ही समजूत जिवंतपणीच सुटणं, याला अद्वैतात, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच मानणाऱ्या वेदान्तात, जीवन्मुक्ती म्हणतात.

सुरुवात सोऽहंपासून, म्हणजे श्वासासोबतच्या जपापासून करा. पाठ ताठ ठेवून बसा. श्वास आत येताना मनात ‘सो’, बाहेर जाताना ‘हं’. ‘तो (ब्रह्म) मीच’ हा त्याचा अर्थ. योगग्रंथ दिवसाचे श्वास 21,600 धरतात, म्हणजे मिनिटाला 15; तुम्ही आधी 108 तरी सांभाळा.

बहुतेकांचं इथेच बिघडतं: श्वास मुद्दाम लांबवतात, मग छाती भरून येते आणि डोकं जड होतं. श्वास आपला आपण चालू द्या, फक्त पाहा. मन भटकलं तर चिडू नका. मन भटकलं हे कळलं, ते कळणं कुणाचं, तिकडे वळा. खरी साधना तिथूनच पुढे.