एहराम बांधायच्या दिवशीच पाळी आली तर

बाळा,

वअलैकुम सलाम. तुझा मेसेज रात्री दीडचा, मी बघितला सकाळी बांगडे साफ करता करता, म्हणून उत्तराला दुपार झाली. एहराम, म्हणजे हज-उमऱ्याचा संकल्प, बांधायच्या दिवशीच पाळी आली तर काय करू आणि गोळी घेऊ का, एवढंसं विचारायला चार वेळा "सॉरी खाला" लिहिलंयस. आपल्या वाडीत वाढलेल्या मुलीचं हे असंच, रमजानमध्ये पाळी आली की भावांना कळू नये म्हणून दाराआड उभं राहून पाव खायचा, आणि तीच लाज बॅगेत भरून मक्केला न्यायची. मीही तीच लाज घेऊन गेले होते म्हणून सांगते.

आम्ही आधी मदिन्यात होतो. मक्केला निघायच्या दिवशी पहाटेच मला पाळी आली. बस जुलहुलैफाला थांबली, मदिन्याहून येणाऱ्यांचा मिकात, म्हणजे एहरामशिवाय ओलांडायची नाही ती हद्द, तोच. सगळ्या बाया उतरल्या, गुसल म्हणजे आंघोळ करून ओल्या केसांवर स्कार्फ बांधून परत आल्या, लब्बैकचा पुकारा सुरू झाला, आणि मी आपली खिडकीशी पर्स घट्ट धरून गप्प. मला वाटलं नापाक, अपवित्र आहे, एहराम कसला बांधायचा. कोणाला विचारलं नाही. मक्केला पोचल्यावर कळलं की एहरामशिवाय मिकात ओलांडला, आता एकतर ४०० किलोमीटरहून जास्त मागे जा नाहीतर दम द्या, म्हणजे दंडाचा बकरा. दिला बकरा.

गंमत बघ, मी जिथे गप्प बसले होते त्याच जुलहुलैफाला, हिजरी १० मध्ये, नबींच्या हजच्या सफरमध्ये, हजरत अस्मा बिन्ते उमैस बाळंत झाल्या होत्या. नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लमनी त्यांना सांगितलं, गुसल कर, कापड बांध आणि एहरामची नियत कर. अगं ताजी बाळंतीण! मला तर नुसती पाळी होती.

त्याच सफरमध्ये मक्केच्या अलीकडे सरिफला नबींच्या पत्नी हजरत आयशांना पाळी आली, रडत बसल्या. नबींनी विचारलं आणि समजावलं की हे अल्लाहने आदमच्या लेकींच्या नशिबी लिहिलेलं आहे, हाजी जे जे करतो ते सगळं कर, फक्त पाक होईपर्यंत काबाचा तवाफ, म्हणजे प्रदक्षिणा, करू नको. ओरडले नाहीत की लांब बस म्हणाले नाहीत. म्हणजे मीना, अरफात, मुजदलफा ही हजची ठिकाणं, कंकऱ्या मारणं, सगळं होतं. लब्बैक, दुआ, जिक्र, दरूद तर कितीही कर. नमाज नाही, आणि ती नंतर भरून काढायची, म्हणजे कजाही नाही. अरफात तुझं पाळीत गेलं तरी पूर्ण अरफात आहे, हे मनात पक्कं कर. आयशांचा वेगळा उमरा राहिल्याची हुरहूर होती, तर हजनंतर भाऊ अब्दुर्रहमानबरोबर त्यांना एहराम बांधायला मक्केच्या हद्दीबाहेर तनईमला पाठवलं. तिथे आता मस्जिद आयशा आहे, तू बघशीलच.

तवाफ आधी झाला आणि नंतर पाळी आली तर सई, म्हणजे सफा-मरवामधल्या फेऱ्या, करता येते, तिला वजूची, नमाजआधी हातपाय धुतात त्याची, अट नाही. निरोपाचा तवाफ पाळीत माफ आहे. खरी अडचण एकच, अरफातनंतरचा मोठा तवाफ, तवाफे जियारत, तो माफ नाही, त्याच्याशिवाय हज पुरा होत नाही, आणि पाळी थांबेपर्यंत थांबायला दिवस हवेत. सरकारी हज कमिटीतून गेलीस तर मुक्काम बहुतेक लांब असतो, पण शॉर्ट पॅकेजवाले हजनंतर चार दिवसांत परत आणतात आणि बाई तिथेच अडकते.

अजून एक, आपण कोकणी शाफई, रूममधल्या बाकीच्या बहुतेक हनफी असणार, सुन्नींच्याच दोन परंपरा, नियम थोडे वेगळे. त्यांच्यात पाळी कमीत कमी ३ दिवस, जास्तीत जास्त १०, आपल्यात कमीत कमी एक दिवस-रात्र आणि जास्तीत जास्त १५. हजच्या महिन्याच्या, जिल्हजच्या, १२ तारखेच्या आत मोठा तवाफ हवाच असं त्या सांगतील, पाळीमुळे उशीर झाला तर त्यांच्यातही दंड नाही, आणि आपल्याकडे मुदतच नाही. पण पाक न होता तवाफ आपल्यात धरलाच जात नाही, त्यामुळे रूममध्ये वाद घालत बसू नको, जाण्याआधीच शाफई मसले, म्हणजे नियम, माहीत असलेल्या मौलानांचा नंबर घेऊन ठेव.

गोळ्यांचं विचारलंस. पाळी पुढे ढकलायची गोळी तब्येतीला त्रास होणार नसेल तर बरेच आलिम, धर्माचे जाणकार, जायज म्हणतात. पण मैत्रिणीने सांगितली म्हणून मेडिकलमधून आणू नको, दोन-तीन महिने आधी डॉक्टरीणबाईंकडे जा, मायग्रेन असेल किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला असेल तर आधी ते सांग. उशिरा सुरू केली की कधीकधी थेंब थेंब डाग येत राहतात आणि मग पाक की नापाक हाच घोळ.

ग्रुपलीडरला सांगायला लाज वाटली तर त्याच्या बायकोला सांग, पण सांग. आणि रिटर्नची तारीख आज रात्रीच मला कळव, हजनंतर किती दिवस मिळतायत ते मोजू.

तुझी खाला