इतिहास संशोधन मंडळाची व्याख्यानं सामान्य माणसाला समजतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की, इतिहास शाळेनंतर सुटला, मोडी वाचता येत नाही, मग मंडळाच्या सभेला जाऊन काही पदरात पडेल का, की घरी मोबाइलवर व्याख्यानं ऐकलेली बरी? माझं उत्तर : जरूर जा. सगळं समजणार नाही, पण जे समजेल ते मोबाइलवर सहसा मिळत नाही.

मी पुण्याचा असल्यामुळे भारत इतिहास संशोधक मंडळाबद्दल लिहितो. सदाशिव पेठेत, भरत नाट्य मंदिराजवळ. इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी 7 जुलै 1910 रोजी ते स्थापन केलं. राजवाडे त्याआधी कित्येक वर्षं गावोगावच्या वाड्यांतून कागद गोळा करत हिंडत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 चा. मिळालेला कागद चारचौघांपुढे मांडावा, त्यावर शंका घेतल्या जाव्यात आणि मगच तो छापावा, ही शिस्त मंडळाच्या पाक्षिक सभांनी लावली. त्या सभांत निबंध वाचले जात, नव्या सापडलेल्या पत्रांची टिपणं सादर होत आणि त्यातलं बरंच पुढे संमेलनवृत्तांत आणि त्रैमासिकात छापून येई.

हे सांगायचं कारण म्हणजे अशी सभा आणि व्याख्यानमाला यांत फरक आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमालाही आहे आणि मला ती प्रिय आहे. पण तिथे आपण वक्तृत्व ऐकायला जातो. संशोधकांच्या सभेतला वक्ता कधी कधी पुटपुटतो, कागदातून डोकं वर काढत नाही, अर्धा तास एका तारखेवर घालवतो. तो अर्धा तासच ऐकण्यासारखा असतो.

उदाहरण द्यायचं तर शिवजन्माच्या तारखेचंच देतो. जुन्या बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शके 1549, म्हणजे 1627 सालचा मानत. भोरकडच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरातली एक शकावली, म्हणजे सालवार घटनांच्या नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्या शकावलीत शके 1540 ते 1619 पर्यंतच्या नोंदी आहेत आणि जन्माची नोंद आहे शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, पुढे घटी-पळंसुद्धा. आता एका घरातल्या एका कागदावर विश्वास का ठेवायचा? तर त्यातली तिथी, वार आणि नक्षत्र गणिताने पडताळता येतात, आणि ते जुळतात. पुढे तंजावरला कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' मिळालं, ते 1927 साली छापलं गेलं. त्यातही हेच वर्ष निघालं. राजस्थानातल्या एका संग्रहात जन्मपत्रिका मिळाली, तीही जुळली. एकमेकांशी संबंध नसलेले तीन पुरावे एकाच दिवसावर आले. तरीही सरकारदरबारी ही तारीख मान्य व्हायला पुढे कित्येक दशकं गेली. आपण 19 फेब्रुवारी 1630 म्हणतो ती जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आजच्या पंचांगाने तो दिवस 1 मार्चला येतो, आणि वार दोन्हीकडे शुक्रवारच.

ही गोष्ट एकदा नीट कळली की तुम्ही कोणतंही ऐतिहासिक विधान पूर्वीसारखं ऐकत नाही. 'हे कोणत्या कागदात आहे? तो अस्सल आहे की नक्कल? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेला?' हे प्रश्न आपोआप तोंडी येतात. आज मोबाइलवर येणाऱ्या इतिहासात आवेश भरपूर असतो आणि हे तीन प्रश्न नेमके गाळलेले असतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ऐकणाऱ्यांत तरुण मुलं असतात आणि त्यांची ओढ खरी असते.

मोडी न येण्याची धास्ती सोडा. सुरुवातीला फक्त कालगणना समजून घ्या, निम्मं व्याख्यान सोपं होईल. जुन्या पत्रांत शके असतो, शुहूर सन (अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेली जुनी वर्षगणना) असतो, हिजरी महिन्याची तारीख असते. 'इहिदे सबैन अलफ' ऐकून घाबरायला होतं. पण इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, अलफ हजार, म्हणजे शुहूर 1071. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून दोन आकडे. तारखेआधी 'छ' दिसला की ती चांद्र तारीख समजायची.

विषय निवडताना माझा सल्ला थोडा वेगळा आहे. लढायांवरच्या व्याख्यानाला गर्दी असते, पण पहिल्यांदा वतनाच्या भांडणावरचं, एखाद्या महजरावरचं, म्हणजे सभेच्या निवाडापत्रावरचं, ऐका. गोतसभा, म्हणजे गावच्या वतनदार-बलुतेदारांची सभा, बसते, दोन्ही पक्ष आपापला करीना (हकिगत) सांगतात, निवाडा होतो आणि खाली पाटलाच्या नावापुढे नांगराची, बलुतेदारांपुढे आपापल्या हत्याराची निशाणी येते. ज्यांची नावं कोणत्याही बखरीत येणार नाहीत अशी माणसं तिथे बोलताना भेटतात. तुमच्या तालुक्यातलं गाव निघालं तर मग उठवतच नाही.

व्याख्यान संपल्यावर लगेच निघू नका. खरी चर्चा तेव्हा होते. कोणी हरकत घेतं, कोणी दुसऱ्या पत्राचा दाखला देतं. बावळट वाटणारा प्रश्नही विचारा, सहसा कोणी हसत नाही. पुण्याबाहेर असाल तर धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, नागपूरचं विदर्भ संशोधन मंडळ, ठाण्याकडे कोकण इतिहास परिषद, गोव्यात पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र यांच्याकडे चौकशी करा. तारखा बदलत असतात, तेव्हा फोन करूनच निघा.

आणि घरी जुने कागद असतील तर तेही दाखवा. जेध्यांची शकावलीही एका घरातच होती. फक्त दाखवण्याआधी ते लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. लॅमिनेशन पुन्हा निघत नाही आणि जुनी शाई पाण्याने पसरते. स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि मागच्या कोऱ्या वाटणाऱ्या बाजूचाही काढा. दफ्तरात नोंद झाल्याची 'बार'सारखी खूण पुष्कळदा तिथेच असते.