वाचकांचे प्रश्न : ‘अर्ध्या तासात पाय दुखतात म्हणतो’

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची. नवऱ्याला ट्रेकिंगची भारी आवड, त्यामुळे एक-दोन महिन्यांनी आम्ही सगळे कुठल्यातरी जंगलात जातो, पण मुलगा अर्ध्या तासात पाय दुखतात म्हणून खाली बसतो आणि मुलगी तर सरळ कडेवर. घरी मात्र दोघं रात्री दहापर्यंत उड्या मारतात! नवरा म्हणतो जरा दामटवलं की होईल सवय. येत्या हिवाळ्यात त्याला मुलाला सोसोगडावर, म्हणजे गोव्यातल्या सगळ्यात उंच शिखरावर न्यायचंय. स्टॅमिना वाढवायला नेमकं काय करायचं? – एक आई, फोंडा

उत्तर : घरी दहापर्यंत उड्या मारतात म्हणजे ताकद आहे हो त्यांच्यात. लहान मुलं आपल्यासारखी एका लयीत तासभर चालत नाहीत, ती धावतात, थांबतात, वाकून मुंग्या बघत बसतात, परत धावतात, आणि दमली तरी आपल्यापेक्षा लवकर सावरतात. त्यांना जड जातं ते बाबांच्या मागून बाबांच्या स्पीडने न थांबता चालणं. त्यामुळे दामटवायचं अजिबात नाही, त्याने पाय तयार होत नाहीत, डोंगराचा कंटाळा मात्र पक्का बसतो. सगळ्यात पुढे मुलीला ठेवा, ती जो स्पीड ठरवेल तो सगळ्यांचा.

आणि दोन महिन्यांतून एकदा लांब चालून स्टॅमिना येत नाही, मधल्या दिवसांत सगळं परत विरून जातं. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल सांगते, त्यात खेळणं, सायकल, चालणं सगळं आलं. म्हणून आठवड्यात दोन-तीन संध्याकाळी घराजवळच्या शेताच्या बांधावरून नाहीतर सड्यावरून (डोंगरावरच्या सपाट कातळ-माळावरून) अर्धा तास फिरा आणि रविवारी जरा मोठी चाल. रविवारची वेळ हळूहळू वाढवा, एखाद्या आठवड्यात मुद्दाम कमीही करा. आधी फक्त वेळ वाढवायचा, चढ नंतर. बोलत-बोलत चालता येत असेल तर जोर बरोबर आहे, बोलणं तुटायला लागलं की थांबायचं.

सुरुवातीला चोडणला जा, रायबंदरहून फेरीबोट आणि उतरल्यावर जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. खारफुटीतून सपाट वाट आहे, ओहोटीच्या वेळी गेलात तर चिखलात निवट्या (चिखलात उड्या मारणारे छोटे मासे) आणि खेकडे इतके दिसतात की पाच वर्षांची मुलगी कडेवर घ्या म्हणायचं विसरूनच जाते. तुम्हाला फोंड्याहून बोंडला अभयारण्यही जवळ. मग खोतीगाव, नेत्रावळीची अभयारण्यं. नेत्रावळीला बुडबुड्यांची तळी आधी दाखवू नका हां, परत येताना दाखवा, शेवटच्या टप्प्यात पाय ओढायला काहीतरी लागतं. चढाची सवय करायला पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर मला सगळ्यात आवडतो, उंची साधारण 350 मीटर, बराचसा रस्ता आणि शेवटी पायऱ्या, त्यामुळे कुठूनही मागे फिरता येतं. सोसोगड 1166 मीटर, तो या हिवाळ्यात नको. मुलगा चंद्रनाथ हसत चढून-उतरून आला, आणि असं बऱ्याच वेळा झालं, की मग बोलू.

उतरण्याबद्दल सांगतेच, कारण लोक चढाचाच विचार करतात. उतरताना मांड्यांना सतत ब्रेक लावावा लागतो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते बहुतेक त्यानेच, आणि आपल्याकडे चिऱ्याची सुटी खडी, पावसात वर शेवाळ, मुलं पडतात ती उतरताना. म्हणून मुलं एकदम ताजी असतानाच मागे वळा.

खाण्याचं म्हणाल तर मुलांच्या अंगात साठा कमी असतो, पाऊण तासाने काहीतरी तोंडात पडायला हवं. केळं, चिक्की, भाजलेले चणे, गूळ-तूप लावलेली पोळी, बस. चिप्सनी नुसती तहान वाढते. मुलाला स्वतःची छोटी पिशवी द्या, पाणी आणि त्याचा खाऊ, पण वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या खूप खाली ठेवा.

पाय दुखण्याचं मात्र नीट बघा. दोन्ही पाय संध्याकाळी किंवा रात्री दुखतात, सकाळी पोरगा टुणटुणीत, हे या वयात खूप दिसतं आणि सहसा घाबरण्यासारखं नसतं. एकच पाय दुखतोय, लंगडतोय, सूज आहे, सकाळीही दुखतंय, किंवा चालताना खोकला येऊन छातीत शिट्टी वाजते, तर डॉक्टरांना दाखवा. नेहमीच मलूल वाटत असेल तर हिमोग्लोबिनही तपासून घ्या, रक्त कमी असलेल्या मुलाला कितीही चालवलंत तरी ते दमणारच.

प्रश्न : मे महिन्यात पुण्याहून नातवंडं येतात, नऊ आणि बारा वर्षांची. मोबाइल सोडून त्यांना काजूच्या बागेतून, डोंगरातून फिरवावं असं फार वाटतं. पण सूनबाई म्हणते उन्हाने आजारी पडतील. – एक आजोबा, काणकोण

उत्तर : आजोबा, न्या त्यांना, पण सूनबाईंचंही बरोबर आहे. पुण्याची हवा कोरडी, आपल्याकडे दमट, घाम येतो पण वाळत नाही म्हणून अंग थंड होत नाही, आणि लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. पहिला आठवडा नुसतं सकाळी सहाला उठून व्हाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) जाऊन या, उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात. साडेआठला घरात. तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी, आल्यावर मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत नाहीतर आडसर (शहाळं). डोकं दुखतंय, मळमळतंय, मूल एकदम गप्प झालंय, यातलं काही दिसलं की लगेच सावलीत बसवा, ओल्या फडक्याने अंग पुसा. बरळायला लागलं किंवा गुंगीत गेलं तर तडक हॉस्पिटल. वाटेत जांभळं-करवंदं आहेतच, तिथे रेंगाळू द्या त्यांना.

प्रश्न : आम्ही सत्तरी तालुक्यात राहतो. माकडतापाच्या भीतीने मुलांना जंगलात सोडतच नाही. हे बरोबर का? – एक वाचक, वाळपई

उत्तर : भीती खोटी नाही. सत्तरीत 2015 पासून माकडतापाचे पेशंट सापडलेत, तो गोचिडीतून पसरतो आणि साधारण डिसेंबर ते मे जोर असतो. त्या महिन्यांत मुलांना सड्यावर, मोकळ्या रस्त्यावर, शेतातून चालवा, दाट जंगल पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरला ठेवा. फुल पॅन्ट मोज्यात खोचायची, पाचोळ्यावर बसायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडेही गरम पाण्यात, आणि काखेत, कानामागे, गुडघ्यामागे गोचीड शोधायची. माकड मेलेलं दिसलं तर त्या बाजूला जायचंच नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. जंगलातून आल्यावर आठवड्याभरात सणकून ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मूल जंगलात गेलं होतं.