माळरानावरच्या चित्रीकरणासाठी मुदत ठेव मोडावी का?

सोलापूरच्या एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे. वय 41, खाजगी नोकरी, हातात येणारा पगार 62,000 रुपये. घरकर्जाचा हप्ता 18,500, घरखर्च 30,000 आणि म्युच्युअल फंडातील एसआयपी 5,000 रुपये. शिल्लक म्हणून 3,00,000 रुपयांची एकच मुदत ठेव आहे आणि तिची मुदत डिसेंबरमध्ये संपते. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळरानावर काळवीट आणि त्यांच्या मागे धावणारे लांडगे चित्रित करण्याचा त्यांना छंद आहे. सध्या त्यांच्याकडे कॅननचा जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा, ज्यावर लेन्सची पोच वाढते) डीएसएलआर आणि 55-250 मिमीची लेन्स आहे. अमेरिकेत हरणांची शिकार करणारे आणि तिचे चित्रीकरणही करणारे त्यांचे चुलतभाऊ 20 पट झूमचा कॅमकॉर्डर घ्यायला सांगतात. दुकानदाराने मात्र नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) 1,10,000, 150-600 मिमीची झूम लेन्स 1,00,000 आणि ट्रायपॉड व इतर साहित्य 30,000, असे एकूण 2,40,000 रुपयांचे दरपत्रक दिले आहे. ठेव मोडावी, की 16 टक्क्यांनी 24 महिन्यांचे कर्ज काढावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या चुलतभावांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर आहे, परंतु तो तुमच्या माळरानाला लागू पडत नाही. तिकडे शिकारी झाडावरच्या मचाणात बसतो आणि हरीण बहुधा 20-30 मीटरवर येते. 20 पट झूमच्या साधारण कॅमकॉर्डरची पोच फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरील 500 मिमी लेन्सच्या आसपास असते, त्यामुळे 30 मीटरवर चौकटीत सुमारे 2 मीटर रुंदीचे दृश्य मावते आणि हरणाने चौकट भरून जाते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि नान्नजच्या उघड्या गवताळ रानात लांडगा 300 मीटरवर दिसला तरी नशीब म्हणायचे. त्या अंतरावर याच कॅमकॉर्डरमध्ये 21 मीटरहून रुंद दृश्य येईल आणि मीटरभर लांबीचा लांडगा त्यात ठिपक्याएवढा दिसेल. तुमच्या क्रॉप सेन्सरवर 600 मिमीची लेन्स 960 मिमीइतकी पोच देते, म्हणजे 300 मीटरवर दृश्याची रुंदी सुमारे 11 मीटर राहते. शिवाय कॅमकॉर्डरची लेन्स सुटी होत नसल्यामुळे त्यातील इलेक्ट्रॉनिक्स जुने झाले की लेन्सची किंमतही सोबतच बुडते. तेव्हा कॅमकॉर्डर हा पर्याय बाद समजावा.

आता पैशांकडे वळू. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला 48,500 रुपये होतात आणि सहा महिन्यांचे 2,91,000. म्हणजे तुमची ठेव ही गुंतवणूक नसून नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तर कामी येणारी, जेमतेम पुरेल एवढी गंगाजळी आहे. तिला छंदासाठी हात लावू नये. कर्जाचे गणितही जमत नाही. 2,40,000 रुपयांवर 16 टक्के दराने 24 महिन्यांचा हप्ता सुमारे 11,750 रुपये पडेल आणि व्याजापोटी सुमारे 42,000 रुपये जातील, तर एसआयपीनंतर तुमच्या हातात महिन्याला उरतात 8,500 रुपये. दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ सुचवेल, पण त्यात बहुधा रोखीची सवलत हातची जाते आणि क्रेडिट कार्डावर असल्यास व्याजाच्या रकमेवर 18 टक्के जीएसटीही लागतो.

माझ्या मते दरपत्रकातील बॉडी आज घेऊच नये. बॉडीचे मूल्य नवे मॉडेल आले की झपाट्याने उतरते. चांगली लेन्स मात्र वर्षानुवर्षे बरी किंमत राखून असते, आणि आज कॅनन ईएफ माउंटची (तुमच्या डीएसएलआरला बसणारी) घेतलेली लेन्स उद्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या नव्या प्रकारच्या) बॉडीवर अडॅप्टर लावून वापरता येते. धावत्या जनावरावर फोकस धरण्यात तुमची जुनी बॉडी कमी पडेल हे मला मान्य आहे, पण ती उणीव 1,10,000 रुपयांची आहे की नाही, हे आधी अनुभवाने ठरू द्यावे. त्यासाठी या हिवाळ्यात दोन-तीन शनिवार-रविवार 150-600 ची लेन्स भाड्याने आणून वापरावी. सुमारे दोन किलो वजनाची ही लेन्स हातात धरून स्थिर चित्रण होत नाही. त्यामुळे खर्चात काटकसर करायचीच असेल तर ट्रायपॉडच्या फ्लुइड हेडमध्ये (कॅमेरा सफाईने फिरवणाऱ्या वरच्या भागात) करू नये. आणखी एक गोष्ट तुम्हाला तेव्हाच कळेल: ऊन चढल्यावर जमिनीलगतची तापलेली हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स लावली तरी दूरचे दृश्य पाण्याखालचे असल्यासारखे लवलवते. सोलापूरच्या उन्हात खरे काम सकाळच्या दोन तासांतच उरकते. उन्हाळ्यात तर तेवढेही मिळत नाही.

दरमहा 8,500 रुपये आवर्ती ठेवीत टाकल्यास वर्षाला 1,02,000 रुपये जमतील, म्हणजे पुढच्या हिवाळ्याआधी नव्या लेन्सइतकी रक्कम हाती येईल. वापरलेली लेन्स घेतल्यास उरलेल्या पैशांत ट्रायपॉडची बरीचशी सोय होईल. वापरलेली घेताना काचेतून विजेरीचा प्रकाश टाकून आत बुरशीचे धागे नाहीत ना, हे पाहावे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये हा धोका जास्त. आपली हवा कोरडी असली तरी धूळ कमी नाही, म्हणून सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा ठेवावा. तो दोन-चारशे रुपयांत होतो.

यूट्यूबवरून हा खर्च निघेल असे तुम्ही लिहिले आहे. जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी 1,000 सदस्य आणि 12 महिन्यांत 4,000 तास पाहिले गेलेले चित्रण लागते, म्हणून ताळेबंदात ते उत्पन्न शून्य धरावे. अभयारण्यात चित्रीकरणासाठी वनविभागाची परवानगी लागते. ती लेन्स भाड्याने आणण्यापूर्वी काढावी, नाहीतर भाडे फुकट जाईल. पुढे 4के चित्रण करणार असाल तर 100 एमबीपीएस दराने तासाला 45 जीबी जागा लागते, म्हणजे हार्ड डिस्कचा खर्चही धरावा लागेल.

डिसेंबरमध्ये ठेवीची मुदत संपेल तेव्हा ती एकरकमी न ठेवता 1,00,000 रुपयांच्या तीन ठेवी कराव्यात. अडचणीच्या वेळी एकच मोडावी लागेल आणि मुदतपूर्व दंड उरलेल्या दोन ठेवींना लागणार नाही.