चेहऱ्याला फेशियल नर्व्ह असताना ट्रायजेमिनल कशाला लागते? आणि तिच्या शाखा लक्षात ठेवायची सोपी ट्रिक आहे का?

तुमची परवा व्हायवा (तोंडी परीक्षा) आहे म्हणता, म्हणून ट्रिक आधी देऊन टाकते. 'स्टँडिंग रूम ओन्ली', म्हणजे तिच्या तीन शाखा कवटीच्या ज्या भोकांतून बाहेर पडतात त्यांची अक्षरं. एस म्हणजे सुपिरियर ऑर्बिटल फिशर, त्यातून ऑफ्थॅल्मिक, आर म्हणजे फोरामेन रोटंडम, त्यातून मॅक्सिलरी, ओ म्हणजे फोरामेन ओव्हेल, त्यातून मँडिब्युलर. घ्या, पास व्हाल.

पण 'कशाला लागते' हे जे विचारलंय ना, ते वाचून माझं डोकं जरा तापलं. तुमची चूक नाही, नावाचाच घोळ आहे, फेशियल म्हटलं की वाटतं चेहऱ्याचं सगळं तिचंच. अहो, चेहऱ्यावर फेशियलचं काम तो हलवण्याचं. हसणं, डोळा मिटणं, गाल फुगवणं. पण त्या गालावर माशी बसली हे कळतं ट्रायजेमिनलमुळे, आणि घास चावतो तोही तिच्याच तिसऱ्या शाखेवर. डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावला की पापणी मिटते, त्यात खबर नेणारी पाचवी (मेंदूतून निघणाऱ्या नर्व्हमधली पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल) आणि पापणी मिटवणारी सातवी (फेशियल), एका सेकंदात दोघींचं काम दिसतं.

आता मला ही नर्व्ह कशी पाठ झाली ते ऐका. मी बीडीएसच्या (दातांच्या डॉक्टरकीच्या) फर्स्ट इयरला होते, नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि आमच्या महाल भागातल्या घरी मोठी आई कूलरकडे पाठ करून, तोंडाला पदर गुंडाळून बसलेली. कूलरची हवा उजव्या गालाला लागली की करंट मारायचा. दोन-चार सेकंद, मग बंद, मग परत. तोंड धुणं बंद, वेणीफणी डावीकडूनच, जेवण म्हणजे पातळ वरण-भात आणि तोही डाव्या बाजूने. दुखायला लागलं की हात गालाकडे न्यायची पण लावायची नाही, दोन बोटं अंतरावर तळवा तसाच धरून बसायची. दाढ दुखणारा माणूस गाल दाबून धरतो हो, ती तर गालाला हातच लावू देत नव्हती.

दादा (मोठ्या आईचा मुलगा, घरात शेवटचा शब्द त्याचाच) म्हणे दाढ आहे, चल. नेलं एका डेंटिस्टकडे, त्याने वरची दाढ काढली. आणि गंमत बघा, पुढचे तीन आठवडे दुखलंच नाही! दादा कॉलर टाइट करून फिरत होता. या आजारात दुखणं मधेच आपोआप गायब होतं, आठवडे, कधी महिने, हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. चौथ्या आठवड्यात परत करंट, आधीपेक्षा जोरात. मग त्याच्या शेजारची दाढ काढली. मग पुढचीचं रूट कॅनल करू म्हणे.

मी तेव्हा हेड अँड नेक (डोकं-मानेची शरीररचना) वाचत होते, रात्रंदिवस तेच. देवघरातली फुलवात घेतली आणि मोठ्या आईला म्हटलं डोळे मिट. कपाळावर फिरवली, काही नाही, ती पहिली शाखा. हनुवटीवर, काही नाही, ती तिसरी. नाकाच्या कडेला नुसती टेकली तर बाई अशी उडाली की हातातली वाटी पडली. मला अजून वाईट वाटतं त्याचं, असं कोणाला करू नका. पण कळलं ते तेव्हाच. खालची पापणी, गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ, वरचे दात-हिरड्या, टाळू, सगळं एकाच मॅक्सिलरीचं. बिघाड मागे मुळाशी, आणि मेंदूला वाटतं दाढेतून येऊन राहिलं. दाढ बिचारी फक्त त्या लाइनवरचं एक घर.

दादाला सांगितलं तर म्हणे, "पहिल्या वर्षाची पोट्टी, तू काय डॉक्टरला शिकवून राहिली बे?" सगळे हसले. मोठे बाबा पण.

शेवटी मोठ्या आईनेच हट्ट केला, तिसऱ्या दाढेला हात लावू देणार नाही. मग धंतोलीत न्यूरोलॉजिस्ट. त्यांनी गोष्ट ऐकूनच सांगितलं, ट्रायजेमिनल न्युरॅल्जिया. एमआरआयमधे पॉन्सजवळ, नर्व्ह मेंदूतून निघते तिथेच, एक रक्तवाहिनी टेकलेली. बहुतेकदा ती सुपिरियर सेरेबेलर आर्टरी असते. ठोके देत देत नर्व्हवरचं मायलिन झिजवते, वायरचं कव्हर घासून जावं तसं, मग साध्या स्पर्शाचंही दुखणं होतं. कार्बामॅझेपिन सुरू झालं आणि चौथ्या दिवशी बाईने गार पाण्याने तोंड धुतलं, खसाखसा, मोरीत उभी राहून. गोळीने भागलं नाही तर ऑपरेशन आहे, रक्तवाहिनी आणि नर्व्हच्या मधे टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. तिला गरज पडली नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, नुसती भोकांची नावं पाठ करून ही नर्व्ह येत नाही. स्वतःच्या तोंडावर बोट फिरवून तीन पट्टे आखा. दात आवळा आणि गालाच्या मागच्या बाजूला हात ठेवा, टणक लागतो तो मॅसेटर स्नायू, तो पाचवीचा. गाल फुगवा, तो बक्सिनेटर स्नायू, तो सातवीचा, जरी बक्कल नावाची एक शाखा पाचवीची पण आहे आणि ती फक्त संवेदनेची. इथे अर्धा वर्ग फसतो. दुसरा सापळा म्हणजे जबड्याचा कोपरा, तिथली कातडी ट्रायजेमिनलची नाहीच, ती मानेतून येणाऱ्या ग्रेट ऑरिक्युलर नर्व्हची, सी टू सी थ्री (मानेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नसा). हे विचारतातच.

आता मी स्वतः डेंटिस्ट आहे, त्यामुळे हेही सांगते की गाल-जबडा दुखला तर आधी दात दाखवणं चूक नाही, बहुतेक वेळा दातच निघतो. पण एक्स-रे स्वच्छ असेल आणि दुखणं करंटसारखं येऊन जात असेल तर दाढ उपटू नका, थांबा. वय चाळिशीच्या आत असेल, दोन्ही बाजूंना होत असेल किंवा गाल सुन्नच राहत असेल तर एमआरआयला टाळाटाळ नको. आणि कार्बामॅझेपिन वाचून मेडिकलमधून स्वतःच आणू नका, सुरुवातीला चक्कर येते, सोडियम उतरतं, अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टर गाठावा लागतो, रक्त तपासत राहावं लागतं.

दादा अजून म्हणतो की दुसरी दाढ किडलेलीच होती. तिचा एक्स-रे माझ्या क्लिनिकच्या ड्रॉवरमधे आहे, दर दिवाळीला मी बोलावते, अजून एकदाही बघायला आला नाही.