पेट्रोलचे दर सरकारने बाजारावर सोडले आहेत ना? मग कच्चं तेल उतरलं तरी पंपावरचा आकडा का हलत नाही?

कागदावर सोडलेत, हे खरं. पेट्रोल जून 2010 मध्ये मोकळं झालं, डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये, आणि 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर लागू करायची पद्धत आली. पण दर मोकळा केला म्हणजे बाजार मोकळा झाला असं नाही. देशातले बहुतेक पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमचे. पहिल्या दोघांवर केंद्र सरकारची थेट मालकी, तिसरीवर ओएनजीसीमार्फत. एकाच घरातली ही तीन दुकानं. शेजारच्याचं गिऱ्हाईक ओढायला त्यांनी दर पाडावेत कशाला?

आधी हिशेब बघा. बॅरल 159 लिटरचं. कच्चं तेल 80 डॉलर आणि डॉलर 84 रुपये धरला, तर लिटरला साधारण 42 रुपये पडतात. म्हणजे बॅरलमागे 10 डॉलर कमी झाले की लिटरमागे सव्वापाच रुपये सुटतात. राज्याचा कर म्हणजे व्हॅट टक्क्यांत असल्यामुळे त्याचाही बोजा हलका होतो. मुंबईतला 25 टक्के दर धरला तर उतार साडेसहा रुपयांच्या आसपास जायला हवा. मात्र डॉलर 84 चा 88 झाला, तर त्यातले दोन रुपये तिथेच गेले. शिवाय कंपन्यांचा दर आंतरराष्ट्रीय बाजारातल्या तयार पेट्रोल-डिझेलच्या भावावरून काढला जातो, कच्च्या तेलावरून नाही. 2022 मध्ये डिझेल कच्च्या तेलापेक्षा कितीतरी जास्त भडकलं होतं. त्यामुळे टीव्हीवरचा ब्रेंटचा, म्हणजे कच्च्या तेलाच्या जागतिक भावाचा, आकडा पाहून पंपाचा दर ताडू नका.

हा उतार मधल्यामध्ये दोन ठिकाणी जिरतो. पहिलं ठिकाण केंद्राचं उत्पादन शुल्क. ते लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं, तेल उतरलं म्हणून आपोआप उतरत नाही. उलट तीच ते वाढवायची संधी असते. एप्रिल 2020 मध्ये भारत घेतो त्या तेलाचा सरासरी भाव बॅरलमागे 20 डॉलरवर आला. मार्च आणि मे या दोन वाढींनी पेट्रोलवरचं शुल्क 19.98 वरून 32.98 रुपयांवर गेलं. स्वस्ताई तिजोरीत गेली, पंपापर्यंत आलीच नाही.

दुसरं ठिकाण कंपन्यांचं खातं. एप्रिल 2022 पासून कंपन्यांनी रोजचे बदल थांबवले. मे आणि जुलैमध्ये दर उतरले ते केंद्राने शुल्क आणि महाराष्ट्राने व्हॅट कमी केला म्हणून. तेल तेव्हा शंभरच्या वर होतं, त्यामुळे कंपन्या तोट्यात विकत होत्या. एकट्या हिंदुस्तान पेट्रोलियमचा एप्रिल ते जून 2022 या तिमाहीचा तोटा दहा हजार कोटींवर गेला. पुढे तेल उतरलं, दर मात्र तसेच राहिले, आणि 2023-24 मध्ये तिघींनी मिळून जवळपास 81,000 कोटींचा नफा कमावला. चढाचा फटका ग्राहकाला बसू द्यायचा नाही आणि उताराचा फायदाही द्यायचा नाही, असा हा व्यवहार. त्याला धोरण म्हणायलाही माझी हरकत नाही, पण मग ‘बाजाराने ठरवलेला दर’ म्हणू नये. मार्च 2024 मध्ये दोन रुपये कमी झाले, ते लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी. त्याआधी नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 असे 137 दिवस कंपन्यांनी दर गोठवले होते; उत्तर प्रदेशचा निकाल लागल्यावर ते हलले.

खासगी कंपन्या आल्या की स्पर्धा होईल, असं बऱ्याच जणांना वाटतं. रिलायन्स आली होती. सरकारी कंपन्यांना तोट्याची भरपाई म्हणून तेल रोखे, म्हणजे पैसे पुढे देण्याची सरकारची हमीपत्रं, मिळत होते, खासगी कंपन्यांना काहीच नाही. 2008 मध्ये तिने चौदाशेच्या वर पंप बंद ठेवले. 2022 मध्ये पुन्हा तेच: लिटरमागे तोटा खाऊन विकणं परवडेना म्हणून खासगी पंपांनी विक्री आखडती घेतली, तेव्हा सरकारने सर्व पंपांवर अखंड पुरवठ्याचं बंधन घातलं. ज्या धंद्यात चढाच्या वेळी प्रतिस्पर्ध्याला सरकारी पाठबळ असतं, तिथे उताराच्या वेळी दर पाडायला कोण शिल्लक राहणार?

पंपवाल्याला मात्र यात धरू नका. त्याचं कमिशन ठरलेलं असतं, दर त्याच्या हातात नसतो. उलट टाकीत 20,000 लिटर असताना रातोरात दोन रुपये उतरले, तर 40,000 रुपये त्याचेच जातात.

स्वतः पडताळायचं असेल तर पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या विभागाच्या संकेतस्थळावर भारतीय बास्केटचा, म्हणजे भारत घेतो त्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव आणि डॉलरचा दर बघा. एका दिवसाचा नको, पंधरा दिवसांची सरासरी घ्या. डॉलरमधल्या भावाला डॉलरच्या रुपयांतल्या दराने गुणून 159 ने भागा आणि सहा महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहा. फरक लिटरमागे चार-पाच रुपयांच्या वर असेल, शुल्क बदललेलं नसेल आणि पंपावरचा दर तोच असेल, तर आधी निवडणुकांचं कॅलेंडर उघडा.