सिंगापूर: सहावीच्या निकालानंतर शाळा निवडताना

लेकीची माध्यमिक शाळा निवडायची म्हणून घाबरला असाल, तर आधी घाबरणं थांबवा. आपली टक्क्यांची सवय इथे उलटी पडते. पीएसएलईत (प्राथमिक शाळेच्या शेवटी, सहावीत होणारी परीक्षा) चार विषय, प्रत्येकाला १ ते ८ पातळी, बेरीज ४ ते ३२, आणि बेरीज जितकी कमी तितकी चांगली. (गावी आजी-आजोबांना हे फोनवर समजावणं हीच खरी परीक्षा!)

सध्या एवढंच बघा:

- सहा शाळा भरता येतात, सहाही भरा. नुसत्या नावाजलेल्या शाळा भरणं ही नेहमीची चूक. दोन-तीन तरी अशा ठेवा, जिथे गेल्या वर्षी शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाची बेरीज लेकीच्या बेरजेपेक्षा जास्त होती.
- क्रम विचारपूर्वक लावा. शेवटच्या जागेसाठी मुलांच्या बेरजेत बरोबरी झाली तर आधी नागरिकत्व, मग पसंतीक्रम, शेवटी सोडत.
- रोजचा प्रवास मोजा.

पोस्टिंग ग्रुपचं (बेरजेवरून ठरणारा प्रवेशाचा गट) निकाल लागल्यावर बोलू.